मुंब्र्याच्या कातळावर पहिल्यांदा जाताना

मुंबईतल्या जुन्या गिर्यारोहकांना विचारा, दोर हाताळायला कुठे शिकलात? कान्हेरी आणि मुंब्रा ही दोन नावं हमखास येतील. 'गिरिविहार' ही १९५४ साली सुरू झालेली संस्था, मुलुंडची 'चक्रम हायकर्स', शिवाय कितीतरी छोटे ग्रुप. सुळक्यांवर जायच्या आधी सगळ्यांना हात सोलून घ्यायला जवळपासचा कातळ लागतोच. मुंब्रा स्टेशनात उतरून चालत निघायचं, सकाळभर चढाई करायची आणि दुपारी जेवायला घरी. सह्याद्रीत एवढी सोय क्वचितच मिळते.

आणि ही सोयच घात करते. लिंगाण्यासारख्या अवघड सुळक्याला जाणारा माणूस आठ दिवस आधी सामान मांडून बसतो. मुंब्र्याला जाणारा आदल्या रात्री अकराला बॅग भरतो आणि हेल्मेट विसरतो. कातळ एका दोरात मावणारा, खाली गाव दिसतंय, लोकलचा भोंगा ऐकू येतोय. अशा ठिकाणी धोका आहे असं मनाला पटत नाही. पण दहा मीटरवरून पडलेल्या माणसाला कड्याचं नाव काय होतं याने फरक पडत नाही. उलट छोट्या कातळावर एक मोठा फायदा असतो, भरपूर वेळ. माथा गाठायची घाई नाही, मुक्काम नाही, अंधाराआधी उतरायचं दडपण नाही. तो वेळ तपासण्यात घालवा, एवढंच माझं म्हणणं. पुढचं सगळं मुंब्रा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, पण बेसॉल्टच्या कुठल्याही लहान कातळाला लागू पडेल.

आधी माणसं, मग सामान

पहिल्या खेपेला कातळ माहीत असलेल्या माणसासोबतच जा. मोबाईलवरचा नकाशा तुम्हाला पायथ्यापर्यंत नेईल. कुठला होल्ड (हातापायाला धरायची खाच) हलतोय आणि कुठला बोल्ट (दगडात ठोकलेला खिळा) गेल्या पावसाळ्यानंतर कोणी वापरलेला नाही, हे तो सांगणार नाही. ओळखीचं कोणी नसेल तर एखाद्या जुन्या संस्थेच्या प्रस्तरारोहण शिबिरात नाव घाला. नवख्यांना सामावून घेणारे लोक तिथेच भेटतात.

तीन ते पाच जणांचा ग्रुप उत्तम. दोघंच असलात तर एक चढणारा आणि एक बिले देणारा, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळणारा. काही झालं तर मदतीला पळायला तिसरं कोणी नाही. दहा-बारा असलात तर दोन दोरांसमोर रांग लागते, कंटाळलेली माणसं कड्याच्या काठाशी फोटो काढत फिरतात आणि लक्ष उडतं. ग्रुपमध्ये किमान दोघांना अँकर, म्हणजे दोर अडकवायचा वरचा आधार, लावता आणि तपासता आला पाहिजे. एकाच माणसाला सगळं येत असेल आणि नेमका तोच दोरावर अडकला, तर खाली उभे असलेले फक्त बघत राहणार.

पैसे भरून जाणार असाल तर निःसंकोच प्रश्न विचारा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली. तुमच्या आयोजकाकडे ती आहे का? अँकर कोण लावणार, त्याने प्रशिक्षण कुठे घेतलं, दोर किती जुना आहे? या शेवटच्या प्रश्नावर जो हसून विषय बदलतो, त्याच्यासोबत जाऊ नका.

जिममधल्या भिंतीवर शिकलेल्यांना वेगळं सांगायला हवं. तिथे होल्ड रंगीत असतात, ते रात्री कोणीतरी आवळलेले असतात, खाली गादी असते. कातळावर यातलं काहीच नसतं आणि तपासणारं माणूस तुम्हीच असता. भिंतीवर जे सहज जमतं त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या सोपं इथे आधी करून बघा.

कधी जायचं

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, पाणी झिरपत राहतं, आणि मुंब्र्याच्या डोंगरावर दरडी सुटतात. बायपासवर दरड आल्याची बातमी अधूनमधून असतेच. पाऊस थांबला म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी धावू नका. माती अजून ओली असते, तिने धरून ठेवलेले दगड वाळता वाळता सुटतात, आणि कंबरेएवढ्या गवतात पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही.

बेसॉल्ट काळा दगड. उन्हात तापला की बोटं टेकवत नाहीत, घामाने पकड सुटते आणि बुटाचं रबर मऊ पडतं. म्हणून कातळाचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे बघून वेळ ठरवायची. मुंब्र्याला रेल्वे आणि गाव डोंगराच्या पूर्वेला आहेत. त्यामुळे गावाच्या बाजूच्या भिंतींवर सकाळीच ऊन येतं आणि सावली मिळते ती दुपारनंतर. कातळ फार तापायच्या आत उरकायचं, म्हणून साडेसातला पायथ्याशी, बारा-साडेबाराला सामान गुंडाळलेलं, असा हिशोब ठेवा. फेब्रुवारी संपता संपता सकाळ आणखी आखूड होते.

लोकल धीमी पकडा. जलद गाड्या इथे थांबत नाहीत. रविवारी जाणार असाल तर शनिवारी रात्री मेगाब्लॉकची बातमी वाचा. धीम्या मार्गावर ब्लॉक असला की गाड्या जलद मार्गावर वळवतात, मग तुम्ही बॅगा सांभाळत पुढच्या दिवा स्टेशनात उतरता. (पूर्वीचे जलद मार्ग ज्यातून जायचे तो पारसिकचा बोगदा याच डोंगराच्या पोटातून १९१६ मध्ये काढलेला. तब्बल १.३ किलोमीटर बेसॉल्ट फोडून! आपण त्याच दगडाला वरून बोटं लावायला चाललोय.)

सामान

प्रत्येकाचं आपापलं: हार्नेस (कंबर-मांड्यांचा पट्टा), हेल्मेट, बिले डिव्हाइस (दोराला ब्रेक लावायचं साधन), दोन-तीन लॉकिंग कॅराबिनर (कुलपासारखी बंद होणारी कडी), शिवलेली १२० सेंटिमीटरची स्लिंग (पट्टीचा फास), चॉक बॅग (हात कोरडे ठेवायच्या पावडरची पिशवी), आणि असतील तर क्लाइंबिंग शूज. शूज महाग आहेत. सुरुवातीला चांगल्या पकडीचे साधे ट्रेकिंगचे बूटही चालतात. सह्याद्रीत हंटर आणि ॲक्शन ट्रेकिंगवर कितीतरी लोकांनी सुळके केलेत. हेल्मेटला मात्र पर्याय नाही, आणि सायकलचं किंवा स्कूटरचं चालत नाही. ते खाली उभ्या माणसालाही घालायचंय, कारण दगड वरून खाली येतात.

ग्रुपमध्ये मिळून: डायनॅमिक (ताणणारा) दोर, आठ-दहा क्विकड्रॉ (छोट्या पट्टीने जोडलेले दोन कॅराबिनर), अँकरसाठी स्लिंगा आणि आठ-दहा मीटर स्टॅटिक दोराचा तुकडा, दोराखाली अंथरायला ताडपत्री, काठावर दोर घासू नये म्हणून जुन्या जीन्सचा पाय किंवा सतरंजीचा तुकडा, प्रथमोपचार पेटी.

चढाईला दोर डायनॅमिकच हवा. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरायचा, पांढरा स्टॅटिक दोर ताणत नाही. लीड करताना, म्हणजे वरून दोर नसताना पहिलं चढताना, पडलात तर झटका दोर स्वतः शोषून घेणार नाही, तो सगळा तुमच्या कंबरेला आणि अँकरला बसेल. नवा दोर घेताना टोकाच्या पट्टीवर ईएन ८९२ (युरोपीय मानक) किंवा यूआयएएची (गिर्यारोहणाचा आंतरराष्ट्रीय महासंघ) खूण आणि आकड्याभोवती वर्तुळ केलेला '१' बघा. त्याचा अर्थ हा दोर एकटा वापरायचा. कॅराबिनरच्या कण्यावर किलोन्यूटनचे आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने किमान २०, आडवा पडला तर साधारण ७. आकडे नसलेला, चावीच्या जुडग्याला शोभणारा कॅराबिनर पाण्याची बाटली अडकवायला ठेवा.

पाणी माणशी तीन लिटर. कातळावर पाण्याची सोय नाही असं धरूनच चाला. खायला गूळ-शेंगदाणे, चिक्की, घरून दशम्या-चटणी. खाली गावात उतरल्यावर जेवणाची चंगळ आहेच.

स्टेशन ते पायथा

गाव दाट आहे आणि सकाळी लवकर जागं होतं. चहा-नाश्ता, पाणी, स्वच्छतागृह, सगळं खालीच उरकून घ्या. डोंगराकडे जाताना बायपास आडवा येतो. त्यावर कंटेनरची वर्दळ असते. पाठीवर मोठी सॅक असताना पळत रस्ता ओलांडू नका, थांबून ओलांडा. दोराची वेटोळी खांद्यावरून लोंबकळत नेण्यापेक्षा बॅगेत असलेली बरी. फोटो छान येतो, पण दोर झुडपांत अडकतो आणि वाटेत दहा जण चौकशी करतात.

डोंगरावर मुंब्रादेवीचं मंदिर आहे आणि तिथे जाणाऱ्या-येणाऱ्यांची वर्दळ असते, नवरात्रात तर फारच. ही त्यांची वाट आहे, आपण पाहुणे. वाटेवर बॅगा पसरू नका, गाणी लावू नका. कोणी विचारलंच, "काय करताय रे पोरांनो?" तर नीट उत्तर द्या: "काका, दोर लावून चढायचा सराव करतोय." हार्नेस बघितला की बरेच जण आपसूक बाजूला सरकतात. शेळ्या चारणारं किंवा रोज चालायला येणारं माणूस भेटलं तर त्याच्याशी दोन मिनिटं बोला. पोळं कुठे लागलंय, साप कुठे निघाला, कुठला दगड परवा खाली आला, हे त्याला ठाऊक असतं.

पायथ्याशी पहिली वीस मिनिटं

बॅगा ठेवल्या ठेवल्या दोर उघडू नका. आधी कातळापासून पंधरा-वीस पावलं मागे जा आणि वर बघा.

सगळ्यात आधी शोधायची ती आग्या मोहोळाची पोळी. सह्याद्रीत क्लाइंबरच्या जिवाला दोर तुटण्यापेक्षा या माश्यांचा धोका जास्त, हे मी कोणालाही पटवून द्यायला तयार आहे. ओव्हरहँगच्या (पुढे झुकलेल्या कातळाच्या) खाली काळपट तपकिरी, अर्धगोल, लोंबता पडदा दिसला आणि तो मधूनमधून लाट उठल्यासारखा हलत असेल, तर ते मोहोळ. त्याच्या आसपासचा मार्ग त्या दिवसापुरता नाही, त्या मोसमापुरता बाद. शेजारच्या भिंतीवर चढायचं असलं तरी आवाज कमी, अत्तर-डिओ बंद, आणि खाली बिडी-सिगारेट किंवा शेकोटी अजिबात नाही. धूर आणि वास दोन्हींनी त्या बिथरतात. जुनं, रिकामं, पांढुरकं पोळं असेल तरी नजर ठेवा. माश्या त्याच जागी परत येतात.

माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका. चेहरा झाकून पळा, लांबवर पळा. कोणी दोरावर असेल तर बिले देणाऱ्याने त्याला सरळ खाली सोडायचं. क्विकड्रॉ, दोर, बॅगा सगळं तिथेच राहू द्या. काटे नखाने किंवा कार्डाने खरवडून लगेच काढा. अंगावर गाठी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं यातलं काही दिसलं तर वाट बघत बसू नका, थेट रुग्णालय.

मग नजर खाली. शहराजवळच्या डोंगरावर बाटल्यांच्या काचा असणारच. क्लाइंबिंग शूजच्या पातळ तळव्यातून त्या आत जातात आणि दोराच्या आवरणातही घुसतात, म्हणून ताडपत्री अंथरायच्या आधी जागा झाडून घ्या. दगड उचलून बाजूला करताना पायाने सरकवा, हाताने नको. फुरसं हा विषारी साप नेमका अशाच कोरड्या दगडाखाली बसतो, आणि तो एवढासा असतो की दिसत नाही.

शेवटी एक रेषा ठरवा. वरून दगड आला तर कुठवर उडेल याचा अंदाज घ्या आणि बॅगा, डबे, रिकामी माणसं त्या रेषेच्या बाहेर. बघायला मुलं जमतात. त्यांना हाकलू नका. जमलं तर एकाला बाहेरून राखणदार नेमा. तो बाकीच्यांना तुमच्यापेक्षा जास्त कडकपणे मागे ठेवतो.

कातळ वाचायचा

आपला दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला बेसॉल्ट. सगळे थर सारखे नसतात. एक थर घट्ट, गुळगुळीत, धार असलेल्या कपारींचा. त्यावरचा सच्छिद्र, जुन्या वायूच्या बुडबुड्यांनी भोकं पडलेला, कुठे कुठे पांढऱ्या झिओलाइटने भरलेला. दोन थरांमध्ये कधी तांबूस मातकट पट्टा लागतो, तो सर्वांत ठिसूळ. खालून पाहतानाच हे पट्टे ओळखता आले, तर कुठे हात विश्वासाने टाकायचा आणि कुठे जपून, हे आधीच कळतं.

होल्डवर भार टाकण्याआधी बोटांच्या पेरांनी ठोकून बघा. घट्ट दगड टणटणीत आवाज देतो. आतून सुटलेला पोकळ वाजतो. पोकळ वाजला तर बाहेर ओढू नका, फार तर खालच्या दिशेने दाबा, किंवा सोडूनच द्या. गवताच्या झुपक्याला धरून वर यायचा मोह ट्रेकमधून आलेल्यांना फार होतो. इथे तो झुपका मुळासकट हातात येतो.

वरून दोर लावताना

पहिल्या दिवशी टॉप रोप, म्हणजे दोर वर अँकरमधून जाऊन पुन्हा खाली आलेला. वरच्या काठावर पोहोचायची वाट बहुतेक कड्याच्या बाजूने असते, आणि ती घसाऱ्याची असते. वाळलेलं गवत आणि खाली मुरूम, यावर घसरून पडलेली माणसं प्रत्यक्ष चढाईत पडलेल्यांपेक्षा कमी नसतील. बूट बदलू नका, ट्रेकिंगचेच ठेवा. काठाच्या दोन मीटर अलीकडे थांबून आधी स्वतःला झाडाला किंवा बोल्टला बांधा, मगच काठाशी वाकून काम करा.

अँकर कशाचा? दोन स्वतंत्र, भक्कम बिंदू, प्रत्येक एकट्याने पूर्ण भार पेलेल असा. बोल्ट असतील तर बघा: हँगर (बोल्टवरची कडी अडकवायची पट्टी) हाताने फिरतो का, नट सैल आहे का, भोवतीचा दगड तडकलाय का, गंजाचा ओघळ खाली आलाय का. सह्याद्रीत जुने आणि नवे बोल्ट शेजारी-शेजारी दिसतात. काही वर्कशॉपमध्ये घडवलेल्या पट्ट्या, काही कंपनीचा ठसा असलेले. ठसा नसलेल्यावर एकट्यावर कधीच भिस्त ठेवू नका. समुद्राजवळ स्टेनलेस स्टीललाही क्षारांमुळे आतून भेगा पडतात. थायलंडमध्ये रायले इथल्या समुद्रकड्यांवर याच कारणाने टायटेनियमचे बोल्ट चिकटवले जातात. आपल्याकडे खाडीची खारी हवा आहे. बाहेरून चकचकीत दिसतंय एवढ्यावर विसंबू नका.

झाड वापरायचं तर ते जिवंत, मांडीएवढं जाड आणि मुळं दगडात उतरलेलं हवं. स्लिंग बुंध्याच्या तळाशी.

दोन बिंदूंना जोडणाऱ्या स्लिंगांमधला कोन लहान ठेवा. ६० अंशांत प्रत्येक बाजूवर भाराच्या साधारण ५८ टक्के येतात. १२० अंशांत प्रत्येक बाजूवर पूर्ण शंभर. स्लिंग आखूड पडली म्हणून कोन रुंद होत असेल तर लांब स्लिंग घ्या, तडजोड करू नका. मास्टर पॉइंट, म्हणजे स्लिंगा एकत्र येऊन दोर अडकतो ती जागा, काठाच्या खाली लोंबली पाहिजे, म्हणजे दोर काठावर घासणार नाही; स्लिंग जिथे काठावरून जाते तिथे जीन्सचा तुकडा.

दोर दोन लॉकिंग कॅराबिनरमधून जाऊ द्या, त्यांची तोंडं एकमेकांविरुद्ध. स्लिंगेतून थेट दोर ओवू नका, कधीच. नायलॉनवर नायलॉन घासलं की काही सेकंदांत वितळून तुटतं. आणि कातळावर कायमच्या लावलेल्या रिंगांमधून दिवसभर टॉप रोप चालवू नका. दहा जणांच्या घासण्याने रिंग झिजते, ती बदलायला कोणीतरी स्वतःच्या खिशातून पैसे घालतं. दिवसभर तुमचे कॅराबिनर वापरा, रिंग फक्त शेवटच्या माणसाला खाली सोडायला.

दोराची दोन्ही टोकं जमिनीला टेकली हे खालच्या माणसाने ओरडून सांगायला हवं. त्याने "दोन्ही खाली" म्हटल्याशिवाय वरच्याने जागा सोडायची नाही.

तपासणी आणि हाका

चढणारा आणि बिले देणारा एकमेकांसमोर उभे. हार्नेसचे बक्कल कंबरेला आणि मांड्यांना. फिगर एटची (इंग्रजी आठच्या आकड्याची) गाठ हार्नेसच्या कंबर आणि मांड्यांच्या दोन्ही फासांतून ओवलेली, समांतर, शेपूट वीतभर. बिले डिव्हाइसमध्ये दोर योग्य दिशेने, कॅराबिनर लॉक. दोराच्या दुसऱ्या टोकाला गाठ. हेल्मेटचा पट्टा. बघून चालत नाही, हात लावून तपासायचं. अनुभवी माणसाचंही तपासायचं, त्याचं तर जास्तच. गाठ अर्धवट बांधून गप्पांत रमणारे बहुतेक जुनेच असतात.

हाका आधी ठरवा आणि नावासकट द्या. शेजारी दुसरा ग्रुप असेल तर नुसतं "टेक!" कोणाच्या बिलेअरने ऐकायचं? "समीर, टेक!" (दोर ताणून धर), "समीर, स्लॅक!" (ढील दे), "समीर, लोअर!" (खाली सोड) असं स्पष्ट. दगड सुटला तर मराठी-इंग्रजी जे तोंडात येईल ते, "दगड!" किंवा "रॉक!", पण जोरात. तो ऐकून वर बघायचं नाही; भिंतीला चिकटायचं.

चढताना

यावर फार लिहिण्यात अर्थ नाही, ते अंगात यावं लागतं. दोनच गोष्टी.

नवखे हातांनी चढतात आणि तिसऱ्या मिनिटाला दंड भरून येतात. नजर खाली ठेवा. पायाची पुढची बाजू, अंगठ्याखालचा भाग, छोट्या खाचेवर नेमका ठेवा आणि ठेवल्यावर हलवू नका. टाच जरा खाली. हात सरळ ठेवून लोंबकळा, वाकवलेल्या कोपराने नाही. थकलात तर "टेक" म्हणा, दोरावर बसा, त्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट दोराच्या ताणाची. एकेरी डायनॅमिक दोर ८० किलोच्या स्थिर वजनालाही जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत ताणू शकतो. समजा कातळ १५ मीटरचा. तुम्ही तळाशी असताना वर जाऊन खाली येणारा दोर ३० मीटर असतो, आणि आठ टक्के ताण धरला तरी जवळपास अडीच मीटर! म्हणजे पहिल्या दोन-अडीच मीटरवर तुम्ही सुटलात तर टॉप रोप असूनही जमिनीवर आदळाल. म्हणून सुरुवातीला दोर चांगला ताणून धरायचा आणि एक जण मागे हात पसरून स्पॉटिंगला. पडणाऱ्याला झेलायचं नाही, त्याचं डोकं दगडावर आपटणार नाही एवढी दिशा द्यायची.

बिले देणारा कातळाच्या जवळ उभा, ब्रेकचा हात दोरावरून कधीही सुटणार नाही. फोन खिशात, आणि मित्रांशी गप्पासुद्धा नंतर.

लीडचा विचार पहिल्या भेटीत नकोच. पुढे करायचं ठरलं तर पहिल्या बोल्टआधी आणि पहिल्या-दुसऱ्या बोल्टच्या मधे पडणं सर्वांत वाईट, कारण दोर पकडायच्या आत जमीन येते. तिथली चढाई सोपी असेल तरच तो मार्ग घ्या.

शेवटचा माणूस खाली येताना

अपघात इथे होतात. सगळे दमलेत, ऊन आलंय, लक्ष जेवणाकडे गेलंय.

शेवटचा माणूस वर अँकर काढून रिंगमधून खाली येणार असेल, तर तो लोअर होणार (खालचा त्याला सोडणार) की रॅपल करणार (स्वतः दोरावरून उतरणार) हे जमिनीवर असतानाच ठरवा. वरून त्याने "ऑफ बिले" (आता माझा दोर सांभाळू नको) म्हटलं आणि खालच्याने दोर सोडला, पण वरचा मनात धरून होता की आपल्याला खाली सोडतील. हा गोंधळ जगभरात माणसं मारतो. माझा आग्रह लोअरचा, म्हणजे बिले एकदाही सुटत नाही.

क्रम असा. वर पोहोचल्यावर स्लिंगने स्वतःला अँकरला अडकवा आणि तिच्यावर बसून खात्री करा. खालच्याला थोडा स्लॅक मागा, पण बिले चालूच. तुमच्या हार्नेसवरची गाठ तशीच ठेवून, तिच्यापुढच्या दोराचा दुहेरी फास दोन्ही रिंगांमधून ओवा. त्या फासात फिगर एट बांधा आणि ती लॉकिंग कॅराबिनरने बिले लूपला (हार्नेसच्या पुढच्या मधल्या फासाला) अडकवा, लॉक करा. आता कुठे जुनी गाठ सोडायची आणि तिचं टोक रिंगमधून ओढून घ्यायचं. "समीर, टेक!" म्हणा, दोरावर पूर्ण वजन द्या, स्लिंग सैल झाल्याचं डोळ्यांनी बघा. मगच स्लिंग आणि तुमचे कॅराबिनर काढा. पूर्ण वेळ तुम्ही दोरापासून एकदाही मोकळे झाला नाहीत, आणि दोर हातातून पडायची भीतीही नाही. रिंग एवढी अरुंद असेल की दुहेरी दोर जात नाही, तर पद्धत बदलावी लागते. ती जाणकाराने समोर दाखवल्याशिवाय करू नका.

हे सगळं आधी घरी खिडकीच्या गजावर, जमिनीवर उभं राहून पाठ करा.

काही झालंच तर

रुग्णवाहिकेसाठी १०८, बाकी कशासाठीही ११२. गंभीर अपघातात महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांची रेस्क्यू टीम बोलावता येते. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर निघण्याआधी प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. मुंब्र्याहून कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय जवळ आहे, पण वाट दाट वस्तीतून जाते. एक माणूस आधी खाली पाठवून रस्त्यावर गाडी थांबवायला लावा. पाठीला किंवा मानेला मार असेल तर पडलेल्याला उचलून बसवू नका, जिथे आहे तिथे स्थिर ठेवा.

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. चावलेला अवयव हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालवू नका, अंगठ्या-घड्याळ काढा आणि रुग्णालय गाठा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, त्यामुळे सापाला मारून सोबत नेण्याची गरज नाही.

निघताना

होल्डवरच्या चॉकच्या रेघा मऊ ब्रशने पुसा. चिकटपट्ट्या, चिक्कीचे कागद, संत्र्याच्या सालीसुद्धा परत. आधीच पडलेला कचरा सगळा उचलणं शक्य नाही, पण एक पिशवी भरून खाली आणता येते. एखादा बोल्ट किंवा मोठा दगड सैल वाटला तर त्या कातळावर नेहमी येणाऱ्या संस्थेला फोटो काढून कळवा. स्वतः हातोडी काढून दुरुस्ती करू नका, आणि नवा बोल्ट ठोकणं तर लांबच.

घरी गेल्यावर दोर पूर्ण लांबीने हातातून सरकवत तपासा. आवरण फाटून आतला पांढरा गाभा दिसतोय का, कुठे चपटा किंवा मऊ पडलाय का. दोर दुमडून बघितल्यावर बोटभरही फट राहत नसेल, तर त्या जागी गाभ्याला मार बसलाय. असा तुकडा कापून टाका किंवा दोर निवृत्त करा. मातीने भरला असेल तर कोमट पाण्यात, ब्लीच नसलेल्या सौम्य साबणाने धुवा. वाळवायला गच्चीवरच्या उन्हात नको, नायलॉन उन्हाने खराब होतं. घरातच पंख्याखाली पसरा. पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा पुढच्या रविवारचा बेत असेल तर धुणं सोमवारीच काढा.